जामीन : शब्द एक, ओझी अनेक

कुणी तुरुंगाच्या दारातून बाहेर येतो तो जामिनावर आणि कुणी आयुष्यभराच्या कर्जात अडकतो तोही जामीन राहूनच. घराघरांत सहज उच्चारल्या जाणाऱ्या या शब्दाचे अर्थ किती आणि त्याचे सगेसोयरे कोण?

रात्रीची जेवणे आटोपलेली असतात. ताटे उचलता उचलता दारावरची घंटा वाजते. दारात यजमानांचे चुलतभाऊ उभे. हातात पेढ्यांचा पुडा आणि काखेत प्लॅस्टिकची फाइल.

"वहिनी, चहा नको. दोनच मिनिटांचं काम आहे. दादांची एक सही हवी होती."

"कसली सही, भावजी?"

"काही नाही हो, दुकानासाठी कर्ज काढतोय. जामीन म्हणून घरचं कुणीतरी लागतं. नुसती औपचारिकता आहे."

दादा चष्मा शोधतात. जिथे जिथे पेन्सिलीने फुली मारलेली असते, तिथे तिथे सही करतात. मजकूर वाचला तर भावाला वाईट वाटेल म्हणून वाचत नाहीत. पेढा तोंडात विरघळतो आणि विषय संपतो.

अशी संध्याकाळ मध्यमवर्गीय घरात एकदा तरी येतेच. कधी कर्जाचा कागद असतो, तर कधी शेजारचा मुलगा मारामारीच्या प्रकरणात सापडलेला असतो आणि त्याची आई, "साहेब, कोर्टात जामीन राहा ना," म्हणून हात जोडून उभी असते. दोन्ही वेळी शब्द एकच, जामीन. पण त्या दोन सह्यांमध्ये जमीन-अस्मानाचा फरक आहे. तो कळला नाही तर एक तर घर गोत्यात येते, नाही तर मदतीची खरी गरज असलेला माणूस उगाचच दाराबाहेर राहतो.

शब्द आला कुठून?

'जामीन' आणि 'जमीन' यांत काना तेवढा इकडचा तिकडे. जमिनीचा सातबारा दाखवल्याशिवाय जामीन घेत नाहीत, म्हणून एकातून दुसरा शब्द आला असावा, असा अनेकांचा समज असतो. वास्तविक या दोघांचे काहीही नाते नाही. जमीन फारसी आहे, तर जामीन अरबी. 'ज़ामिन' म्हणजे दुसऱ्याची जबाबदारी स्वतःवर घेणारा. म्हणजे मुळात हा शब्द माणसासाठी आहे, सुटकेसाठी नाही.

मराठीने मात्र तो दोन्ही अर्थांनी वापरला. 'तो जामीन राहिला' म्हटले की माणूस बांधला जातो आणि 'त्याला जामीन मिळाला' म्हटले की माणूस सुटतो. हिंदीने ही अडचण टाळली. तिथे माणूस 'ज़ामिन' किंवा 'जमानतदार' आणि सुटका ती 'जमानत'. हीच जमानत हिंदी पट्ट्यातील निवडणुकीत 'जब्त' होते. लोकसभेचा उमेदवार २५ हजार आणि विधानसभेचा उमेदवार १० हजार रुपये भरतो (अनुसूचित जाती-जमातींच्या उमेदवारांना निम्मी रक्कम) आणि वैध मतांपैकी एक षष्ठांशही मते पडली नाहीत तर ते पैसे जातात. मराठीत आपण त्याला 'अनामत जप्त झाली' म्हणतो.

याच शब्दाचे एक हळवे रूप मुस्लिम घरांत दिसते. प्रवासाला निघणाऱ्याच्या किंवा नववधूच्या दंडावर नाणे ठेवून शिवलेली कापडी पट्टी बांधतात, तिला 'इमाम ज़ामिन' म्हणतात. हा प्रवासी सुखरूप पोहोचेल, त्याची जबाबदारी इमामांनी घेतली आहे, अशी त्यामागची श्रद्धा. कोर्टाच्या आवारात धास्ती भरवणारा शब्द इथे आईच्या मायेने दंडाला बांधला जातो.

अरबी शब्द येण्यापूर्वीही ही गोष्ट आपल्याकडे होतीच. संस्कृतात जामीनदाराला 'प्रतिभू' म्हणत. हा शब्द रोजच्या बोलण्यातून गेला, पण सरकारी पाट्यांवर राहिला. नाशिकरोडला जिथे मुद्रांक छापतात, ते 'भारत प्रतिभूती मुद्रणालय' आणि शेअर बाजारावर देखरेख करणारी 'सेबी' म्हणजे भारतीय प्रतिभूती आणि विनिमय मंडळ. प्रतिभूती म्हणजे ज्याच्या आधारावर पैशाचा भरवसा ठेवायचा तो कागद.

याज्ञवल्क्य स्मृतीने या प्रतिभूचे तीन प्रकार सांगितले आहेत. माणसाला हजर करण्याची हमी घेणारा, माणूस विश्वासू आहे असे सांगणारा आणि कर्ज फेडण्याची जबाबदारी घेणारा. पहिल्या दोघांची हमी खोटी ठरली तर भरपाई त्यांनीच द्यायची. तिसऱ्याच्या बाबतीत मात्र त्याच्या मुलांनाही सोडलेले नाही. आणखी एक नियम असा, की एकत्र कुटुंबात राहणारे भाऊ, पती-पत्नी आणि पिता-पुत्र यांनी एकमेकांचे जामीन राहू नये. कारण उघड आहे. ज्यांची तिजोरीच एक आहे, त्यांनी एकमेकांची हमी घेण्यात धनकोला काय मिळणार?

हाजीर, माल आणि फैल

मराठेशाहीच्या कागदपत्रांत हेच तीन प्रकार वेगळ्या नावांनी भेटतात. बोलावल्यावर माणसाला हजर करीन असे लिहून देणारा तो हाजीरजामीन. पैसे बुडाले तर मी भरीन असे म्हणणारा मालजामीन. आणि हा माणूस पुन्हा वाईट वागणार नाही अशी हमी घेणारा फैलजामीन. 'फैल' म्हणजे अरबीत कृती, वर्तन. जो कागद लिहून द्यायचा, त्याला जामीनकतबा म्हणत.

महाराष्ट्राच्या इतिहासातील सर्वांत गाजलेली जामीनकी आग्र्याची. १६६६ च्या मे महिन्यात औरंगजेबाच्या दरबारात शिवाजी महाराजांचा अपमान झाला आणि त्यांच्याभोवती संशयाचे जाळे विणले जाऊ लागले. तेव्हा मिर्झाराजा जयसिंगांचे पुत्र कुंवर रामसिंग यांनी महाराजांबद्दल बादशहाला जामीन लिहून दिला. महाराज पळून जाणार नाहीत आणि काही आगळीक करणार नाहीत, अशी ती हमी. आजच्या भाषेत हाजीरजामीन आणि फैलजामीन एकाच कागदावर!

त्या काळच्या राजस्थानी पत्रांतून दिसते, की महाराजांनी स्वतःच रामसिंगांना हा जामीन मागे घ्यायला सांगितले होते. आपल्या सुटकेचा भार त्या भल्या माणसाच्या मानेवर पडू नये, हे त्यांनी ओळखले होते. १७ ऑगस्ट १६६६ रोजी महाराज निसटले आणि व्हायचे तेच झाले. बादशहाचा रोष रामसिंगांवर उतरला, त्यांना दरबारबंदी झाली आणि मनसब गेली. जामीनदाराचे दुखणे साडेतीनशे वर्षांत फारसे बदललेले नाही.

याच काळाने आणखी एक शब्द दिला, ओलीस. जामीन राहणारा शब्दाने बांधलेला असतो, ओलीस राहणारा देहाने. १६६५ च्या पुरंदरच्या तहानंतर आठ वर्षांच्या संभाजीराजांना मिर्झाराजांच्या छावणीत राहावे लागले होते, ते अटी पुऱ्या होईपर्यंतची हमी म्हणूनच.

कोर्टातला जामीन

आता आजच्या कोर्टात येऊ या. गंमत अशी, की ज्या शब्दावर रोज हजारो माणसांचे स्वातंत्र्य ठरते, त्याची व्याख्याच जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेत नव्हती. १ जुलै २०२४ पासून त्या संहितेच्या जागी भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आली आणि तिने प्रथमच तीन शब्द वेगळे करून सांगितले. 'जामीन' म्हणजे काही अटींवर कोठडीतून सुटका. ती दोन प्रकारच्या कागदांवर होऊ शकते. आरोपी स्वतःच लिहून देतो आणि दुसरा कुणी जामीनदार लागत नाही, तो एक कागद. आणि जामीनदारासह लिहून दिलेला, तो दुसरा.

पहिल्या कागदाला मराठीत जातमुचलका म्हणतात. वर्तमानपत्रात 'पंधरा हजारांच्या जातमुचलक्यावर सुटका' असे वाचून काहींना वाटते, की आरोपीच्या जातीशी त्याचा संबंध असावा. तसे मुळीच नाही. इथला 'जात' अरबी आहे, अर्थ 'स्वतः'. जातीने हजर राहणे म्हणतो त्यातला. 'मुचलका' तुर्की वळणाचा, फारसीमार्गे आलेला शब्द, अर्थ लेखी हमी. म्हणजे स्वतःची स्वतः दिलेली हमी. इथे पंधरा हजार रुपये लगेच भरायचे नसतात. तारखेला हजर न राहिल्यास तेवढी रक्कम देणे लागेन, असे कबूल करायचे असते.

'जामीन' या शब्दात जामीनदार असलाच पाहिजे का, हा प्रश्न एकदा थेट सर्वोच्च न्यायालयात गेला होता. गोष्ट १९७८ ची. मध्य प्रदेशातला मोतीराम नावाचा एक गरीब गवंडी. सर्वोच्च न्यायालयाने त्याला जामीन मंजूर केला, पण तपशील ठरवणाऱ्या दंडाधिकाऱ्यांनी दहा हजार रुपयांचा जामीनदार मागितला. त्या काळी दहा हजार म्हणजे गवंड्यासाठी स्वप्नातली रक्कम. त्याचा भाऊ पुढे आला, तर त्याची मालमत्ता दुसऱ्या जिल्ह्यात आहे म्हणून त्यालाही नाकारले. हुकूम हातात आणि माणूस तुरुंगात!

न्यायमूर्ती व्ही. आर. कृष्ण अय्यर यांनी निकाल देताना या शब्दाचाच अर्थ उलगडला. जामिनावर सुटका म्हणजे जामीनदारासह सुटका आणि जामीनदाराशिवाय स्वतःच्या मुचलक्यावर सुटका, हे दोन्ही त्यात येते, असे त्यांनी स्पष्ट केले. एकाच देशात दुसऱ्या जिल्ह्याचा जामीनदार परका कसा ठरतो, असाही सवाल केला आणि मोतीरामला एक हजार रुपयांच्या जातमुचलक्यावर सोडण्यास सांगितले. शब्दाचा अर्थ थोडा रुंद झाला आणि एक माणूस घरी गेला.

आजही हा प्रश्न संपलेला नाही. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालानुसार ३१ डिसेंबर २०२२ रोजी देशातील तुरुंगांत ५,७३,२२० कैदी होते. त्यांपैकी ४,३४,३०२ कच्चे कैदी, म्हणजे ज्यांचा खटला अजून निकाली निघालेला नाही असे. दर चारांतले तीन! हे सारेच जामीनदाराअभावी अडकलेले नव्हेत. पण जामीन मंजूर होऊनही जामीनदार न मिळाल्याने आत राहिलेले त्यांत असतातच. परगावचा मजूर, घरच्यांनी टाकलेली स्त्री, ज्याच्या नावावर ना घर ना शेत असा माणूस. यांच्यासाठी ऐपतीचा दाखला घेऊन कोर्टात कोण येणार?

म्हणूनच ३१ जानेवारी २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने काही सूचना दिल्या. जामिनाच्या हुकमाची प्रत त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी ई-मेलने तुरुंग अधीक्षकामार्फत कैद्याला मिळावी. सात दिवसांत सुटका झाली नाही तर अधीक्षकाने जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या सचिवांना कळवावे. महिनाभरात जामीनदार मिळाला नाही तर अट सौम्य करता येईल का, याचा न्यायालयाने आपणहून विचार करावा. आणि स्थानिकच जामीनदार हवा, असा हट्ट धरू नये.

ऑगस्ट २०२४ मध्ये तर एक वेगळेच प्रकरण त्या न्यायालयापुढे आले. एका आरोपीला तेरा प्रकरणांत जामीन मिळाला होता, पण जामीनदार उभे करता आले ते दोनच प्रकरणांत. अकरा प्रकरणांसाठी वेगवेगळे जामीनदार आणायचे कुठून? माणूस जामीनदार शोधतो तो जवळच्या नातेवाइकांत किंवा जुन्या मित्रांत आणि गुन्ह्याच्या बातमीने हे वर्तुळही आक्रसते, हे न्यायालयाने लक्षात घेतले आणि एका राज्यातील सर्व प्रकरणांसाठी तेच दोन जामीनदार चालतील, असा मार्ग काढून दिला.

काही गैरसमज

जामीनपात्र आणि अजामीनपात्र या दोन शब्दांनी बराच घोळ घातला आहे. गुन्हा जामीनपात्र असेल तर जामीन हा आरोपीचा हक्क असतो. पोलीस ठाण्यातही तो मिळू शकतो. आठवडाभरात जामीनदार आणता आला नाही तर आरोपी निर्धन आहे असे मानून त्याला स्वतःच्या मुचलक्यावर सोडावे, असे कायदाच सांगतो. अजामीनपात्र म्हणजे जामीन कधीच मिळणार नाही, असे नव्हे. तो द्यायचा की नाही, हे न्यायालय ठरवते, एवढाच त्याचा अर्थ. गंभीर गुन्ह्यातही आरोपी स्त्री, बालक, आजारी किंवा अपंग असेल तर न्यायालयाला जामिनाचा विचार करण्याची विशेष मुभा आहे.

अटकपूर्व जामीन हा शब्द वर्तमानपत्रांमुळे घरोघरी पोहोचला. पण कायद्याच्या कलमात तो शब्द नाही! अटकेची भीती असलेल्या माणसाला अटक झालीच तर जामिनावर सोडावे, असा आगाऊ हुकूम सत्र किंवा उच्च न्यायालय देऊ शकते, एवढेच कलम म्हणते. नाव दिले ते व्यवहाराने. डिफॉल्ट जामिनाचेही तसेच. पोलिसांनी ठरलेल्या मुदतीत, म्हणजे गुन्ह्याच्या गांभीर्यानुसार ६० किंवा ९० दिवसांत, आरोपपत्र दाखल केले नाही तर आरोपीला जामिनाचा हक्क मिळतो. तो मागावा मात्र लागतो.

आणि सर्वांत मोठा गैरसमज असा, की जामीन मिळाला म्हणजे माणूस निर्दोष सुटला. चाळीत पेढे वाटले जातात नाही तर उलट, "पैसे चारून सुटला," अशी कुजबुज होते. दोन्ही चूक. जामिनाने खटला संपत नाही आणि गुन्हाही सिद्ध किंवा असिद्ध होत नाही. आरोपी कोठडीऐवजी घरून तारखेला येतो, इतकेच. शिक्षा झालेल्या कैद्याला मिळणारी पॅरोल किंवा फर्लो, म्हणजे अभिवचन रजा आणि संचित रजा, हाही जामीन नव्हे. ती शिक्षेतली सुट्टी आहे.

कोर्टात उभा राहणारा हाजीरजामीन

शेजारच्या मुलासाठी कोर्टात जामीन राहायचे म्हणजे काय? त्या मुलाने गुन्हा केला नाही, अशी हमी आपण देत नाही. तो तारखेला हजर राहील, एवढीच हमी देतो. आपण आणखी किती जणांचे जामीन आहोत, हे जामीनदाराला प्रतिज्ञापूर्वक सांगावे लागते. पत्त्याचा, ओळखीचा आणि ऐपतीचा पुरावा द्यावा लागतो.

आरोपी फरार झाला तर मुचलका जप्त होतो आणि रक्कम का वसूल करू नये, अशी विचारणा जामीनदाराला होते. रक्कम भरली नाही आणि वसूलही झाली नाही तर सहा महिन्यांपर्यंत दिवाणी कैदेची तरतूद आहे. मात्र कारण पटले तर न्यायालय दंडाचा काही भाग माफ करू शकते. मुलाची लक्षणे ठीक दिसत नसतील तर जामीनदार, "मला मोकळे करा," असा अर्जही केव्हाही करू शकतो. मग आरोपीला बोलावून दुसरा जामीनदार मागितला जातो. आणि मुचलका जप्त होण्याआधीच जामीनदाराचा मृत्यू झाला, तर त्याच्या मालमत्तेवर कसलाही बोजा राहत नाही. म्हणजे या जामिनाची हद्द ठरलेली आहे. रक्कम ठाऊक असते, दार उघडे असते आणि ओझे मुलाबाळांवर जात नाही.

पेढ्यांच्या पुड्यातला मालजामीन

दादांनी ज्या कागदावर सही केली, तो प्रकार याहून फार वेगळा. तो १८७२ च्या भारतीय करार कायद्यात येतो. हा कायदा सांगतो, की करारात वेगळे काही ठरले नसेल तर जामीनदाराची जबाबदारी मूळ कर्जदाराइतकीच असते. 'आधी त्याच्याकडून वसूल करा, उरले तर माझ्याकडे या,' असे जामीनदार म्हणू शकत नाही. १९६८ मध्ये बँक ऑफ बिहारच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने हे स्पष्टच केले. आधी कर्जदाराच्या मागे धावण्याची सक्ती केली तर हमीचा उपयोगच काय, असा त्यामागचा विचार.

म्हणूनच हप्ते थकले, की बँक किंवा पतसंस्था ज्याचा पगार नियमित आहे त्याच्याकडे आधी वळते. दुकान बंद पडलेला भाऊ सापडत नाही, पण महिन्याच्या एक तारखेला पगार घेणारे दादा सापडतात! महाराष्ट्रात सहकारी पतसंस्था कायद्याच्या कलम १०१ खाली वसुलीचा दाखला मिळवू शकतात आणि मग थकबाकी जमीन महसुलासारखी वसूल करता येते. राहिलेल्या जामीनकीची नोंद पतमाहिती कंपन्यांकडेही होते. पुढे मुलीच्या शिक्षणासाठी दादा स्वतः कर्ज मागायला गेले, की, "तुम्ही अमुक थकीत कर्जाचे जामीनदार आहात," असे त्यांना ऐकावे लागते.

इथे दारही सहज उघडत नाही. एकदा दिलेल्या ठरावीक कर्जाची हमी आपल्या मर्जीने मागे घेता येत नाही. कॅश क्रेडिटसारख्या चालू राहणाऱ्या व्यवहाराची हमी असेल तर नोटीस देऊन ती थांबवता येते, पण पुढच्या उचलीपुरतीच. तोवर झालेल्या कर्जातून सुटका नाही. मृत्यूनेही नाही. जामीनदार गेला तर आधीच्या कर्जाचा बोजा त्याच्या मागे राहिलेल्या मालमत्तेवर येतो आणि वारसांना मिळालेल्या वारशापुरते देणे लागते. याज्ञवल्क्यांनी तिसऱ्या प्रतिभूच्या मुलांबद्दल सांगितले होते, ते आठवते ना?

जामीनदाराला हक्कच नाहीत असे मात्र नाही. त्याला न विचारता बँकेने कर्जाच्या अटी बदलल्या, तर त्यापुढच्या व्यवहारातून तो मुक्त होतो. बँकेने तारण ठेवलेली वस्तू हातची घालवली, तर तिच्या किमतीपुरती त्याची जबाबदारी कमी होते. त्याने कर्ज फेडले तर बँकेचे सारे हक्क आणि तारण त्याच्याकडे येते आणि ती रक्कम तो कर्जदाराकडून मागू शकतो. पण छापील नमुन्यात यांतले काही हक्क आपण सोडून देत असल्याचे बारीक अक्षरात लिहिलेले असते. पेन्सिलीच्या फुल्या बघून सही करणाऱ्याला ते कधी कळत नाही.

फैलजामिनाचे काय झाले?

तोही आहे. सणावाराच्या किंवा निवडणुकीच्या आधी पोलिसांनी काही जणांकडून 'चांगल्या वर्तणुकीचे बंधपत्र' घेतले, अशी बातमी येते, तो हाच. शांतता राखण्याचे बंधपत्र जास्तीत जास्त एक वर्षासाठी आणि सराईत गुन्हेगाराचे तीन वर्षांपर्यंत घेता येते. हे काम कार्यकारी दंडाधिकारी करतात. यात घडलेल्या गुन्ह्याची शिक्षा नसते, पुढे काही घडू नये याची तजवीज असते. जामीन मागितला असेल तर इथेही शेजारीपाजारी, नातेवाईक उभे राहतात.

शब्दाचे सगेसोयरे

जामिनाच्या आजूबाजूचे शब्दही ओळखून ठेवलेले बरे. माणूस पाठीशी उभा राहिला तर तो जामीन, वस्तू उभी राहिली तर ते तारण. सोने किंवा घर कर्जापोटी अडकवले तर गहाण. गाडी किंवा दुकानातला माल आपल्याच ताब्यात राहून बँकेचा त्यावर हक्क राहिला तर ते नजरगहाण, नावातच किती नेमकेपणा! आधी ठेवायला दिलेले पैसे म्हणजे अनामत. घर भाड्याने घेताना देतो ती हीच.

'हमी' हा शब्द सर्वांत मोकळा. त्यात वचन असते. शेतमालाला हमीभाव मिळतो, तर १९७७ च्या रोजगार हमी कायद्याने महाराष्ट्रात मागेल त्याला काम देण्याचे वचन सरकारनेच दिले होते. म्हणजे हमी राज्यही देऊ शकते, जामीन मात्र माणूसच राहतो.

आणि एक फसवा शब्द, सहकर्जदार. जामीनदार दुसऱ्याचे कर्ज फेडण्याचे वचन देतो. सहकर्जदाराचे ते स्वतःचेच कर्ज असते. पत्नीची सही अनेकदा 'फक्त नावापुरती' सहकर्जदार म्हणून घेतली जाते. पुढे संसार मोडला तरी कर्ज मोडत नाही, हे तिला फार उशिरा कळते.

सही करण्यापूर्वी

• कागदावर आपले नाव कशाखाली आहे ते पाहा : साक्षीदार, जामीनदार की सहकर्जदार?

• कर्जाची रक्कम, व्याज आणि मुदत लिहिलेली आहे ना? कोऱ्या जागा असलेल्या कागदावर आणि कोऱ्या धनादेशावर सही करू नका.

• हमी ठरावीक कर्जाची आहे की पुढच्या प्रत्येक उचलीची, हे विचारून घ्या.

• सह्या झालेल्या कागदांची प्रत मागून घ्या आणि अधूनमधून खात्याची स्थिती विचारत राहा. पहिला हप्ता थकला तेव्हाच कळले तर मार्ग निघतो, विसावा थकल्यावर नाही.

• ही पूर्ण रक्कम उद्या आपल्यालाच भरावी लागली तर झेपेल का, हा प्रश्न पती-पत्नींनी मिळून स्वतःला विचारा. उत्तर 'नाही' असेल तर सही करू नका.

• कोर्टात जामीन राहताना रक्कम, तारखा आणि आरोपीच्या वकिलाचा फोन नंबर लिहून ठेवा. पत्ता बदलला तर न्यायालयाला कळवा.

• जामीन मंजूर होऊनही घरचा माणूस तुरुंगातच असेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जा. स्त्रिया, मुले, अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्ती आणि कोठडीतील व्यक्ती यांना, उत्पन्न कितीही असले तरी, तिथे मोफत वकील मिळू शकतो. राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणाचा मदत क्रमांक १५१०० आहे. गरीब कैद्यांच्या जामिनाच्या रकमेसाठी केंद्र सरकारने २०२३ मध्ये साहाय्य योजनाही आणली आहे.

पुन्हा त्या संध्याकाळकडे वळू या. भावजी दारात उभे आहेत, पेढ्यांचा पुडा टेबलावर आहे. नाही म्हणणे कठीण असते, हे खरे. नाते तुटेल अशी भीती असते. पण ज्या घरांनी हे भोगले आहे त्यांना विचारा. नाते सही नाकारल्याने जितके दुखावते, त्याहून कितीतरी जास्त जप्तीची नोटीस आल्याने दुखावते. "भावजी, फाइल आज इथेच राहू द्या. आम्ही दोघं वाचतो आणि रविवारी तुम्ही जेवायलाच या," असे वहिनी म्हणाल्या तर त्यात अपमान कसला?

आणि एखाद्या दिवशी शेजारची ती आई आपल्या मुलासाठी दारात उभी राहिली, तर तिलाही घाबरून परत पाठवू नये. तो मुलगा ओळखीचा असेल, तारखेला जाईल याची खात्री असेल, तर ती सही एका कच्च्या कैद्याला घरी आणू शकते. कोणत्या कागदावर सही करायची आणि कोणता कागद आधी वाचायला ठेवून घ्यायचा, एवढे कळले की झाले.